पक्षीघरांचा इतिहास, ढाबळीपासून भोपळ्यापर्यंत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रश्न सोप्यापासून अवघडाकडे लावले आहेत. एकच गोष्ट दोनदा सांगण्याऐवजी कंसात दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. जगातलं सगळ्यात पहिलं पक्षीघर कुणी बांधलं?

याला एका नावाचे उत्तर नाही. भोपळा, झाडाची साल, पोकळ ओंडका कुजून जातात. दगड, वीट आणि भाजलेली माती मागे उरते. त्यामुळे जुना पुरावा जवळजवळ सगळा कबुतरांच्या पक्क्या घरांचाच सापडतो. भोपळा टांगणारे लोक कदाचित त्याच्याही आधीचे असतील, पण त्यांचे भोपळे जमिनीत सापडणार नाहीत.

लिखित वर्णनांत रोमन लेखक व्हारो याचे वर्णन (इ.स.पू. ३७) फार नेमके आहे. एका घरात ५,००० पर्यंत कबुतरे मावू शकतात, प्रत्येक जोडीला स्वतंत्र खण हवा, खण आतून सर्व बाजूंनी तीन पंजे म्हणजे सुमारे २२ सेंमी असावा, असे तो सांगतो. उंदीर किंवा पाल वर चढू नये म्हणून खिडक्यांभोवती बाहेरूनही गुळगुळीत गिलावा करायला त्याने बजावले आहे. हा गुळगुळीत गिलावा पुढे दीड हजार वर्षांनी दुसऱ्याच देशात भेटतो (प्र. ५).

२. ढाबळ, चबुतरा, पक्षीघर, पिंजरा हे सगळं एकच ना?

नाही, आणि हा घोळ बऱ्याच लेखांत दिसतो. पिंजऱ्यातून पक्ष्याला बाहेर जाता येत नाही. ढाबळीतून तो रोज चरायला जातो आणि परत येतो, कारण तिथे त्याला अंडी घालायला सुरक्षित कोनाडा मिळतो. पक्षीघर किंवा घरटे-पेटी ही रानटी पक्ष्यासाठी. मालकी कुणाचीच नाही. गुजरातेतला चबुतरा मात्र मुख्यतः दाणे टाकण्याची जागा आहे. खांबावर उभारलेला, बहुधा सहा किंवा आठ कोनांचा, वर छत्री. काही चबुतऱ्यांना घुमटीखाली कोनाडे असतात आणि पारवे तिथे वीण घालतात, पण बांधणाऱ्याच्या मनात दाणा पहिला.

३. पूर्वीच्या लोकांना पक्ष्यांची इतकी दया होती का?

बहुतेक ठिकाणी नाही. जुन्या पक्षीघराचा हेतू ओळखायची एक सोपी युक्ती आहे: माणसाचा हात आत कुठून जातो ते बघा. मागे हात घालायला भोक असेल तर पिल्ले काढायची होती. तळाशी माणूस वाकून आत शिरेल एवढे दार असेल तर खत काढायचे होते. हात कुठूनच जात नसेल, तर ते घर बहुधा खरोखर पक्ष्यासाठी होते.

या कसोटीवर यादी लावली तर इजिप्तच्या मातीच्या ढाबळी मांसासाठी, इराणच्या खतासाठी, नॉर्वेची बदकघरे पिसांसाठी, फिनलंडचे पोकळ ओंडके अंड्यांसाठी. इंग्लंडात तर सोऱ्यासाठीही: कबुतरांच्या विष्ठेने मुरलेल्या मातीतून सोरा काढून बंदुकीची दारू बनवत. १७व्या शतकात तिथल्या राजाने ढाबळीच्या जमिनीवर फरशी बसवू नये असा हुकूम काढला होता, कारण फरशी बसली की माती मुरत नाही आणि सोरा मिळत नाही. निव्वळ पक्ष्यासाठी बांधलेल्या घरांचे जुने आणि ठळक उदाहरण म्हणजे ऑटोमन तुर्कांचे पक्षीमहाल (प्र. ९).

४. जुन्या डच घरांच्या भिंतीवर आडवी मडकी टांगलेली दिसतात. ती कशासाठी?

ती स्टार्लिंग आणि चिमण्यांसाठी. स्टार्लिंग हा आपल्या मैनेच्या कुळातला पक्षी, पोकळी आयती मिळाली तर घेणारा. मडके भाजलेल्या मातीचे, सुरईसारखे, तोंड बाहेर आणि बूड भिंतीला टेकलेले. भिंतीकडच्या बाजूला मूठ जाईल एवढे भोक. मडके खिळ्यावरून उचलायचे, मागून हात घालून पिल्ले काढायची, मडके पुन्हा अडकवायचे. पिल्ले उडण्याइतकी होण्याच्या थोडे आधी काढत. तेव्हा ती भरलेली असतात आणि मांस कोवळे असते.

काही मडक्यांना तोंडाशी काटकी खोचायला लहान छिद्र असते. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या विल्यम्सबर्ग या वसाहतकाळच्या गावातही १८व्या शतकातली अशी मातीची बाटली उत्खननात मिळाली. आज तिच्या प्रतिकृती बागेत शोभेसाठी विकल्या जातात, आणि घेणाऱ्यांपैकी फार थोड्यांना मागचे भोक कशाचे ते माहीत असते.

५. इस्फहानचे कबुतरांचे बुरूज किल्ल्यासारखे दिसतात. आत नेमकं काय असतं?

आत रिकामी गोल विहीर उभी केल्यासारखे दृश्य असते, आणि भिंतीचा जवळजवळ प्रत्येक हात कोनाड्यांनी भरलेला. बांधकाम कच्च्या विटांचे, बाहेरची भिंत गोल, आत आधाराच्या आडव्या भिंती, माथ्यावर जाळीदार मनोरे. पक्षी त्यांतून ये-जा करतात. कोनाडा सुमारे २० सेंमी रुंद आणि तेवढाच उंच. व्हारोच्या मापाशी हे जुळते, कारण पारव्याचे अंग बदललेले नाही. मोठ्या बुरुजात असे हजारो कोनाडे असतात.

विष्ठा सरळ खाली पडते. तळाचे दार वर्षभर बंद ठेवत आणि वर्षातून एकदा उघडून खत काढत. ते प्रामुख्याने टरबूज-खरबुजांच्या वाड्यांत जाई. काही कातडी कमावायलाही वापरत. बाहेरून भिंतीवर गुळगुळीत गिलाव्याचा पट्टा असतो, सापाला तिथे पकड मिळत नाही. बहुतेक बुरूज सफवी काळातले, म्हणजे १६व्या-१७व्या शतकांतले. १७व्या शतकात आलेल्या शार्दां या फ्रेंच प्रवाशाने शहराच्या आसपास असे तीन हजारांहून अधिक बुरूज असल्याचे लिहिले आहे. रासायनिक खत आल्यावर त्यांचा उपयोग संपला. कच्च्या विटेला दरवर्षी डागडुजी लागते. ती थांबली की पावसाने माथा आधी खचतो.

६. कॅपाडोशियात डोंगरातल्या भोकांभोवती पांढरा रंग का लावलेला असतो?

तुर्कस्तानातल्या या भागात खडक मऊ, ज्वालामुखीच्या राखेचा. लोकांनी तो कोरून खोल्या केल्या, आत ओळीने कोनाडे खोदले आणि बाहेर फक्त लहान भोके ठेवली. खत द्राक्षमळ्यांसाठी. पांढऱ्या लेपाची कारणे दोन सांगितली जातात: लांबून उडणाऱ्या कबुतराला तो दिसतो, आणि गुळगुळीत असल्यामुळे चढणाऱ्या जनावराचे पाय घसरतात. लेपावर पुष्कळदा तांबडी नक्षीही काढलेली असते. उचहिसारजवळच्या दरीचे नावच कबुतरांवरून पडले आहे.

७. युरोपात ढाबळ बांधायला सरदाराची परवानगी लागायची, हे खरं आहे का?

फ्रान्सच्या पुष्कळ भागांत आणि मध्ययुगीन इंग्लंडात ढाबळ हा जमीनदाराचा मान होता. कुळाने ती बांधायची नाही. अडचण अशी की कबुतरे धन्याची आणि चरायचे कुळाच्या शेतात. पेरलेले बी टिपले तरी त्याने पक्ष्याला मारायचे नाही. म्हणून फ्रेंच राज्यक्रांतीत ४ ऑगस्ट १७८९ च्या रात्री सरंजामी हक्क मोडायला सुरुवात झाली तेव्हा ढाबळीचा एकाधिकार अगदी वरच्या कलमांतच रद्द केला गेला. ठरलेल्या हंगामात कबुतरे कोंडून ठेवायची, बाहेर दिसली तर शिकार समजून शेतकऱ्याने आपल्या जमिनीवर मारायची, असे त्यात स्पष्ट होते.

हा नियम सगळ्या युरोपाला लावू नये. ग्रीसच्या टिनोस बेटावर व्हेनिसची सत्ता १७१५ पर्यंत होती. ती गेल्यावर ढाबळी सामान्य शेतकऱ्यांनीही बांधल्या. पाटीच्या दगडांच्या त्रिकोणी-चौकोनी जाळ्यांमुळे त्या आजही लगेच ओळखू येतात.

८. ढाबळीत शेकडो खण असतील तर पिल्लं काढायला माणूस वरपर्यंत कसा पोचायचा?

फिरत्या शिडीने. गोल ढाबळीच्या मधोमध एक उभा लाकडी खांब, खाली दगडातल्या खळग्यात आणि वर तुळईत फिरणारा. त्याला आडवे हात, आणि हातांच्या टोकाला भिंतीपासून थोडे अंतर राखून शिडी. माणूस शिडीवर चढतो आणि भिंतीला हात लावून स्वतःला ढकलत फिरतो. खाली न उतरता पूर्ण चक्कर होते. ढाबळी गोल बांधण्याचे एक मोठे कारण हेच. चौकोनी ढाबळीत कोपऱ्यातले खण शिडीपासून लांब जातात.

इंग्लंडातल्या गारवे गावची १३२६ सालची गोल ढाबळ अजून उभी आहे. तिच्यात ६६६ खण आहेत. कबुतराची जोडी एका वेळी दोन अंडी घालते, साडेसतरा-अठरा दिवस उबवते आणि पिल्लू साधारण चार आठवड्यांनी बाहेर पडते. चौथ्या आठवड्यात फेरी चुकली की पिल्ले उडाली, म्हणून फेऱ्यांचे दिवस ठरलेले असत.

९. इस्तंबूलच्या मशिदींवरचे छोटे महाल नुसती नक्षी आहे की पक्षी खरंच राहतात?

राहतात, मुख्यतः चिमण्या, मोठ्या भोकांत पारवे. हे महाल दोन प्रकारचे. एकात भिंतीच्या दगडातच कोनाडे कोरलेले असतात आणि दर्शनी फक्त भोकांची ओळ दिसते. दुसऱ्यात भिंतीबाहेर सज्जासारखा पुढे आलेला छोटा वाडा असतो, त्याला घुमट, मिनार, खिडक्या, कधी जिनाही. उस्कुदारमधल्या येनी वालिदे (१७१०) आणि आयाझ्मा (१७६१) या मशिदींवरचे पाहण्यासारखे आहेत. मशिदीच नव्हे, तर मदरसे, ग्रंथालये, पाणीवाटपाच्या इमारती यांवरही ते आढळतात.

हात घालायला जागा नाही, खत खाली कुणी गोळा करत नाही, आणि जागा अशी निवडलेली की ऊन लागेल, जोराचा वारा लागणार नाही, मांजर पोचणार नाही. नक्षीपेक्षा ही निवड जास्त बोलकी आहे. मूळ इमारतीच्या आराखड्यातच पक्ष्याची जागा धरली होती.

१०. अमेरिकेतले मूळ रहिवासी भोपळे टांगायचे म्हणतात. ते कसे बनवतात?

चोक्टॉ आणि चिकासॉ लोक लहान झाडाच्या वरच्या फांद्या तोडून उरलेल्या खुंटांना पोकळ भोपळे टांगत, असे पक्षितज्ज्ञ अलेक्झांडर विल्सन याने १९व्या शतकाच्या सुरुवातीला नोंदवले आहे. पाहुणा पक्षी म्हणजे पर्पल मार्टिन, जांभळट काळ्या रंगाची मोठी भिंगरी. ती कावळे आणि गिधाडांवर थव्याने तुटून पडते, त्यामुळे वाळत घातलेले मांस आणि शेत दोन्ही राखले जाई.

आजही रीत तीच आहे, हत्यारे बदलली:

- सुरईच्या आकाराचा कडू भोपळा घ्या, पोटाचा व्यास २० ते २५ सेंमी. तीन ते सहा महिने हवेशीर जागी वाळवा. हलवल्यावर आत बिया खुळखुळल्या की तयार. सालीवर काळी बुरशी येते, ती येणारच; सडलेला भोपळा मात्र दाबल्यावर आत जातो, तो टाकून द्या.
- पाण्यात भिजवून वरची साल घासून काढा. कोरडे घासू नका. बुरशीची धूळ फुप्फुसाला वाईट असते, तोंडाला फडके नव्हे तर मास्क लावा.
- पोटाच्या सगळ्यात फुगीर भागावर ५४ मिमीचे भोक. भोपळा टांगून बघा आणि मगच खूण करा, नाहीतर भोक आभाळाकडे बघते आणि पाऊस आत येतो.
- बिया आणि गर खरवडून काढा. बुडाला पाणी निघायला पाच-सहा लहान छिद्रे, मानेखाली हवेसाठी दोन-तीन, मानेतून आरपार तारेसाठी दोन.
- टिकावा म्हणून काही जण मोरचुदाच्या पाण्यात (अर्धा किलो, सुमारे २० लिटर पाण्यात) १५ मिनिटे बुडवतात. प्लास्टिकची बादली घ्या. लोखंडाला मोरचूद खातो. हातमोजे घाला.
- पूर्ण वाळल्यावर बाहेरून पांढरा रंग. आतून नाही.

चार-पाच मीटर उंच खांबावर, सगळ्यात जवळच्या झाडापासून किमान १२ मीटर लांब टांगतात. ‘भोपळे लावले पण पक्षी आलाच नाही’ या तक्रारीत बहुतेक वेळा झाड जवळ असते.

११. पर्पल मार्टिन आता माणसाशिवाय वीणच घालत नाही, हे खरं का?

रॉकी पर्वताच्या पूर्वेला जवळजवळ खरे. तिथली मार्टिन पिढ्यान्पिढ्या भोपळ्यांत आणि पेट्यांतच वाढली आहे. पश्चिमेला अजून ती सुतार पक्ष्याने कोरलेल्या ढोलीत, तर वाळवंटात सग्वारो निवडुंगातल्या भोकात राहते. जात एक, सवयी दोन. म्हणून पूर्वेकडे टांगलेले भोपळे अचानक काढून टाकणे ही साधी बाब राहिलेली नाही.

१२. हल्लीची लाकडी पेटी कुठून आली?

इंग्लंडातल्या यॉर्कशरमध्ये चार्ल्स वॉटर्टन याने आपल्या वॉल्टन हॉल या वाडीभोवती १८२०च्या दशकात उंच भिंत घालून शिकार बंद केली. गव्हाणी घुबडासाठी दगडी घर त्याने त्याआधीच, १८१३ मध्ये, बांधले होते. नंतर स्टार्लिंगसाठी आणि मातीच्या काठात बिळे करणाऱ्या भिंगऱ्यांसाठी भोकांच्या भिंतीही केल्या. पक्षी राहावा, बाकी काही नको, या हेतूने केलेले हे काम युरोपात तेव्हा वेड समजले गेले.

कारखान्यात शिरली ती जर्मनीत. हान्स फॉन बेर्लेप्श या जहागीरदाराने सुतार पक्ष्याच्या ढोल्या मधोमध चिरून मापे घेतली आणि ओंडका आतून तसाच, बाटलीसारखा, खाली रुंद आणि टोकाला निमुळता कोरून घेतला. वर उघडणारे झाकण. १९व्या शतकाच्या अखेरीपासून या पेट्या मोठ्या प्रमाणावर बनू लागल्या. त्यांचा ग्राहक होता वनखाते आणि फळबागवाला. पक्ष्यांनी अळ्या खाव्यात हा हिशेब. म्हणजे फायदा पुन्हा आलाच, पण आता पक्षी जिवंत राहण्यात होता.

फळ्यांची साधी पेटी त्याहून स्वस्त पडते म्हणून तिने ओंडक्याला मागे टाकले.

१३. जुन्या नमुन्याची प्रतिकृती करायची आहे. पक्षी येतील का?

येतील, जर दिसणे जुने आणि मापे पक्ष्याची ठेवली तर. चुका ठरावीक होतात:

दारासमोरची काटकी. चित्रांत छान दिसते, पण ढोलीत राहणाऱ्या पक्ष्याला ती लागत नाही, आणि शिकारी पक्ष्याला व मांजराला उभे राहायला आयती जागा मिळते. मडक्यांवर ती होती (प्र. ४) कारण पिल्ले शेवटी माणसाच्याच ताटात जायची.

भोकाचे माप. युरोपातल्या ब्लू टिट या छोट्या पक्ष्याला २५ मिमी, त्याच्याच कुळातल्या ग्रेट टिटला २८, घरचिमणीला ३२, अमेरिकन ब्लूबर्डला ३८, स्टार्लिंगला ४५. दोन मिलिमीटर जास्त झाले तर दुसराच पक्षी घर बळकावतो. भोकाची खालची कड तळापासून किमान १२.५ सेंमी वर हवी, नाहीतर मांजराचा पंजा पोचतो आणि पिल्ले अवेळी बाहेर पडतात.

पातळ पत्रा किंवा प्लायवूड. उन्हात आत भट्टी होते. १५ ते २० मिमी जाडीचे लाकूड घ्या, तळाला चार कोपऱ्यांत ६ मिमीची छिद्रे ठेवा, दुपारचे ऊन थेट भोकावर येणार नाही अशी दिशा धरा.

रंधा मारलेली आतली बाजू. पिल्लांना चढता येत नाही. भोकाखालच्या फळीवर आतून करवतीचे आडवे चर पाडा.

आणि उघडण्याची सोय. वीण संपल्यावर जुने घरटे काढले नाही तर गोचीड-पिसवा पुढच्या विणीला खातात. एका बाजूला बिजागरी किंवा एकच खिळा फिरता ठेवा. हात आत जायला वाट ठेवायची ती एवढ्यासाठी.

१४. रशियात स्टार्लिंगसाठी घरं लावतात आणि अमेरिकेत त्याच पक्ष्याला हाकलतात. असं का?

रशियात स्टार्लिंग मूळचा. वसंतात परतणाऱ्या या पक्ष्यासाठी बागेत पेटी लावणे जुनी रीत, इतकी की रशियन भाषेत पक्षीघराला रूढ शब्दच स्टार्लिंगच्या नावावरून आला आहे. १९२०च्या दशकापासून सोव्हिएत शाळांत पक्षीदिन साजरा होऊ लागला आणि मुलांनी पेट्या बनवणे हा त्याचा भागच झाला.

अमेरिकेत तो बाहेरून आला. १८९० मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये काही डझन स्टार्लिंग सोडले गेले. घरचिमणी त्याआधी १८५०च्या दशकात आली होती. दोघांनी देशी पक्ष्यांच्या ढोल्या घेतल्या आणि ब्लूबर्ड मागे पडला. १९३४ मध्ये इलिनॉयच्या क्विन्सी भागात टी. ई. मसलमन याने रस्त्याकडेला ओळीने पेट्या लावल्या, त्यातून ‘ब्लूबर्ड ट्रेल’ची पद्धत रुजली. ३८ मिमीचे भोक स्टार्लिंगला अडवते. चिमणीला अडवत नाही, म्हणून तिथे दर आठवड्याला पेटी तपासावी लागते. मार्टिनच्या भोपळ्याला गोल भोकाऐवजी ३० मिमी उंचीचे चंद्रकोरी भोक ठेवतात. स्टार्लिंगची छाती त्यात अडकते.

१५. बदकांसाठीही घरं असतात का?

दोन ठळक परंपरा आहेत. नॉर्वेच्या वेगा बेटांवर लोक आयडर बदकांसाठी दगड-फळ्यांची ठेंगणी घरे बांधून आत सुके समुद्रशेवाळ अंथरतात. मादी अंड्यांखाली स्वतःच्या छातीची मऊ लव पसरते. ती पिल्लांसह समुद्रात गेली की लोक लव उचलतात. साफ केलेल्या एक किलोला सुमारे ६० घरटी लागतात. वीणकाळात बेटावर कुत्रे मोकळे नाही, आरडाओरडा नाही. ही जागा २००४ पासून जागतिक वारसा आहे.

दुसरी परंपरा फिनलंड-स्वीडनच्या उत्तरेची. गोल्डनआय हे बदक झाडाच्या ढोलीत अंडी घालते, म्हणून पोकळ ओंडके झाडांना बांधत आणि अंडी काढत. सगळी कधीच नाही. काही ठेवली तर मादी पुन्हा घालत राहते. घरटे रिकामे केले तर सोडून जाते.

१६. आग्नेय आशियात खिडक्या नसलेल्या उंच इमारती पक्ष्यांसाठी आहेत म्हणे?

हो. खाद्य घरटे करणाऱ्या पाकोळ्यांसाठी. ही पाकोळी लाळेचे घरटे करते आणि चिनी सुपात त्याला मोठी मागणी आहे. मुळात ती गुहेतली. जावामध्ये १९व्या शतकात ती रिकाम्या घरांत शिरू लागली, तिथून हा धंदा उभा राहिला. इमारत म्हणजे नकली गुहा: अंधार, तापमान २६ ते ३० अंश, दमटपणा ८० ते ९० टक्के, छताला खरखरीत लाकडी पट्ट्या आणि दारात पाकोळ्यांच्या आवाजाची ध्वनिफीत. दमटपणा घटला की घरटे तडकून पडते. प्र. ३ मधली कसोटी इथे बरोबर लागू पडते, फक्त हाताला हवे असते ते घरटेच.

१७. गावाजवळच्या जुन्या भिंतीत ओळीने चौकोनी भोकं आहेत. ती पक्ष्यांसाठी असतील का?

बहुधा परांचीची असतील. बांधकाम करताना परांचीच्या आडव्या वाशांसाठी भिंतीत भोके ठेवत आणि ती पुष्कळदा तशीच राहत. ती सरळ आत जातात, पुष्कळदा आरपार, ओळींमध्ये साधारण एका माणसाच्या कामाची उंची असते आणि रुंदी सगळीकडे सारखी. कबुतराचा खण तोंडाशी अरुंद व आत रुंद असतो, कधी एका बाजूला वळलेला, आणि ओळी दाट, हातभर अंतरावर.

उलट चूकही होते. रोमन लोक अस्थिकलश ठेवण्याच्या खणांच्या भिंतींनाही कबुतरांच्या घराचेच नाव देत. इस्रायलमधल्या मारेशा इथल्या गुहांत सुमारे २,००० कोनाडे आहेत आणि ते कलशांसाठी की कबुतरांसाठी यावर बराच वाद झाला. आता कल कबुतरांकडे आहे. अशा ठिकाणी कोनाड्याची खोली मोजा, तळाला विष्ठेचा थर शोधा आणि वर प्रकाशाला वाट आहे का पाहा. कलशाला उजेड लागत नाही. पाखराला लागतो.